पावसाळ्यात मादागास्कर : श्रीवर्धनच्या मापाने

श्रीवर्धन विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १८ अंश २ मिनिटांवर. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरचं तोआमासिना बंदर विषुववृत्ताच्या दक्षिणेला १८ अंश ९ मिनिटांवर. विषुववृत्तावर नकाशाची घडी घातली तर दोन गावांत उत्तर-दक्षिण फरक उरतो जेमतेम तेरा किलोमीटरचा. श्रीवर्धनहून दिवेआगर सरळ रेषेत साधारण तेवढंच भरतं. आमच्या चौपाटीवरून नैऋत्येला रेघ ओढली, तर ४,८०० किलोमीटरवर तोआमासिनाचा धक्का येतो. जवळजवळ निम्म्या वाटेवर विषुववृत्त लागतं, उजव्या हाताला थोडी दूर सेशल्सची बेटं राहतात, बाकी सगळं पाणी.

श्रीवर्धन-म्हसळ्याला परदेश काही नवा नाही. माणसं बोटीवर गेली, आखातात गेली. कोकणी मुसलमान कुटुंबं कैक पिढ्यांपूर्वी थेट केप टाउनला जाऊन राहिली. पण फिरायला जायचं म्हटलं की गाडी बँकॉक, बाली, दुबई, फार तर मॉरिशस यांच्यापुढे सरकत नाही. मॉरिशसचं क्षेत्रफळ २,०४० चौरस किलोमीटर. २०१९ साली तिथे जवळपास १४ लाख पर्यटक गेले. शेजारचं मादागास्कर त्याच्या २८८ पट मोठं, आणि तिथे त्याच वर्षी गेलेले चार लाखांच्या आत. त्या साली एकट्या गोव्यात ८० लाखांवर माणसं येऊन गेली. मादागास्करमध्ये पाहायला कमी आहे म्हणून असं झालेलं नाही. तिथले आकडे अंगावर येतात, हे खरं कारण. तेव्हा सहल आखायची तर आधी आकड्यांशीच बसून बोलावं लागतं, आणि आपल्या ओळखीच्या मापाने मोजलं तर ते बोलतातही.

सगळ्यात मोठा आकडा आधी घेऊ. मादागास्कर आणि भारत एकेकाळी एकमेकांना चिकटलेले होते आणि सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी ते वेगळे झाले. त्याचा पुरावा पाहायला पासपोर्ट लागत नाही. उडुपीजवळ मालपे बंदरासमोर सेंट मेरी नावाची बेटं आहेत. त्यांवरचे उभे खांबासारखे खडक त्या फुटीच्या वेळच्या लाव्ह्याचे, मादागास्करच्या लाव्ह्याचे समवयस्क. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यालाही एक सेंट मेरी बेट आहे. नावांची जुळणी निव्वळ योगायोगाची, खडकांची मात्र नव्हे.

इथे श्रीवर्धनकराने एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मादागास्कर सुटलं तेव्हा आमचा खडक जन्मालाच आलेला नव्हता. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करताना पायाखाली येतो तो काळा कातळ दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तोवर मादागास्कर वेगळं होऊन दोन कोटींहून जास्त वर्षं उलटली होती. तो लाव्हा किती? आज उरलेला पसाराच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून अधिक. पश्चिम घाटातल्या थरांची एकावर एक बेरीज केली तर जाडी तीन किलोमीटरच्या वर जाते. हा लाव्हा ज्या तप्त ठिकाणावरून वर आला असं भूशास्त्रज्ञ मानतात, ते आजही जागं आहे: रीयुनियन बेटाखाली, २१ अंश दक्षिणेला, मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यापासून सात-आठशे किलोमीटरवर. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी वरचेवर ओकतो.

आता हिशेब करू. २१ अंश दक्षिणेपासून १८ अंश उत्तरेपर्यंत ३९ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर ४,३०० किलोमीटरहून थोडं जास्त. भागिले ६ कोटी ६० लाख वर्षं. उत्तर येतं वर्षाला सरासरी साडेसहा सेंटीमीटर. माणसाचं नख वर्षाला तीन-चार सेंटीमीटर वाढतं. हरिहरेश्वरचा डोंगर त्याच्या दुपटीने उत्तरेकडे चालत आला आहे. ही सरासरी ढोबळ आहे. सुरुवातीच्या काळात भारत वर्षाला पंधरा सेंटीमीटरहून जास्त वेगाने धावला, पुढे आशियाला धडकल्यावर मंदावला, आज साधारण पाचावर आहे. मुंबई विमानतळावरून निघणारं विमान हेच अंतर साडेपाच-सहा तासांत उलट कापतं. एवढ्या स्वस्तात सहा कोटी वर्षं मागे जायला दुसरीकडे कुठे मिळेल असं वाटत नाही.

दख्खनचा लाव्हा वाहून झाल्यावर, सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी आणखी एक तुकडा सुटला. तो मात्र आमच्याच पश्चिम किनाऱ्यापासून. तो तुकडा म्हणजे सेशल्स. मधल्या समुद्रात बेटं पुष्कळ असतात, पण ती ज्वालामुखीची किंवा पोवळ्याची. सेशल्सची मुख्य बेटं ७५ कोटी वर्षं जुन्या ग्रॅनाइटची आहेत, कारण तो खंडाचाच ढलपा आहे. एकूण ११५ बेटं, सगळी जमीन मिळून ४६० चौरस किलोमीटरच्या आत, आणि त्यांच्या हक्काचा समुद्र १३ लाख चौरस किलोमीटरच्या वर. जमिनीच्या जवळपास तीन हजार पट पाणी! दर्याई नारळ, ज्याचे कमंडलू करून साधू फिरतात, तो याच बेटांवरचा; वनस्पतिसृष्टीतलं सर्वांत जड बी, वीस किलोच्या पुढेही जाणारं. लाटांवर वाहत ते मालदीवला आणि आपल्या किनाऱ्याला लागायचं तेव्हा त्याचं झाड कुठे आहे हे शतकानुशतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. १८व्या शतकात सेशल्सला ते सापडलं. मॉरिशसऐवजी सेशल्समार्गे मादागास्कर गाठावं असं मनात येईल, पण सेशल्स महाग आहे आणि एका सहलीत दोन्ही कोंबली तर दोन्ही हातची जातील.

मादागास्कर अनोळखी वाटतं ते फक्त नावाने. दारापुढे पाहा. गुलमोहर मादागास्करचा. १८२०च्या दशकात वेन्झेल बोयर या निसर्गतज्ज्ञाने तो तिथे पाहिला, आणि पुढल्या काही दशकांत तो उष्ण कटिबंधातल्या गावागावांत पोहोचला. आज महाराष्ट्रात गुलमोहर नसलेली शाळा शोधून काढावी लागेल. साताऱ्यात तर १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो. त्याच्या मूळ रानात उगवलेला गुलमोहर पाहायचा असेल तर मात्र जगात एकच देश. तुळशीजवळ फुलणारी सदाफुलीही तिथलीच. तिच्या पानांतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं निघाली. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात व्हिन्क्रिस्टिन गेली साठ वर्षं टिकून आहे.

आणि गोरखचिंच. कोकणात, वसईपासून खाली, जुन्या बंदरांच्या आसपास या अजस्र बुंध्याची एखाददुसरी झाडं दिसतात. ती अरबी आणि आफ्रिकी व्यापाऱ्यांबरोबर आली असं मानतात. ही आफ्रिकेची जात. जगात या कुळाच्या आठ जाती, त्यांतल्या सहा फक्त मादागास्करमध्ये. २०२४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने कुळाचं मूळ गावही मादागास्करच ठरवलं, तिथून बिया समुद्रावरून वाहत आफ्रिकेला आणि ऑस्ट्रेलियाला गेल्या. मोरोंदावाजवळच्या मातीच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना तीस मीटरपर्यंत उंचीच्या वीस-पंचवीस गोरखचिंचा उभ्या आहेत. मादागास्करची जी चित्रं आपण पाहतो त्यांतली निम्मी त्या एका रस्त्याची असतात.

आता क्षेत्रफळ, कारण बहुतेक बेत इथेच फसतात. ५,८७,०४१ चौरस किलोमीटर. ग्रीनलंड, न्यू गिनी, बोर्निओ यांच्यानंतरचं जगातलं चौथं मोठं बेट. १९४८ पर्यंत श्रीवर्धन जंजिरा संस्थानात होतं. त्या संस्थानाचं क्षेत्रफळ ३२४ चौरस मैल. मादागास्करमध्ये अशी ७०० जंजिरा संस्थानं बसतात. आजचा रायगड जिल्हा धरला तर ८२ रायगड. महाराष्ट्र जवळपास दोन. दक्षिणोत्तर लांबी सुमारे १,५८० किलोमीटर, किनारा ४,८२८ किलोमीटर. आणि माणसं? तीन कोटींच्या थोडी वर. रायगड जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला जितकी माणसं राहतात तितकी तिथे राहायला लागली, तर लोकसंख्या २१ कोटींच्या पुढे जाईल.

जागा एवढी आणि डांबरी रस्ते मोजके. तिथला सगळ्यात चांगला समजला जाणारा लांबचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय मार्ग ७, राजधानी अंतानानारिवोपासून नैऋत्येच्या तोलियारापर्यंत, सुमारे ९५० किलोमीटर. न थांबता गेलं तरी दोन पूर्ण दिवस, कारण रात्री गाडी चालवायची नाही. रस्त्याची अवस्था आणि लुटारू, दोन्हींमुळे. मोरोंदावाहून चुनखडीच्या सुळक्यांकडे जायचं तर दोनशेच किलोमीटर, पण दोन नद्या तराफ्यावरून ओलांडत आठ ते दहा तास. ताशी वीस-पंचवीस किलोमीटर! मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम पनवेल-इंदापूर टप्प्यात २०११ साली सुरू झालं, त्या खड्ड्यांत घडलेला कोकणी प्रवासी याला इतरांपेक्षा बऱ्यापैकी तयार असतो, एवढं समाधान.

रेल्वेचं एक उदाहरण राहवत नाही म्हणून. आपल्या कोकण रेल्वेची लांबी ७४१ किलोमीटर, बोगदे ९१. आठ किलोमीटरला एक. मादागास्करच्या पठारावरच्या फियानारांत्सोआपासून पूर्व किनाऱ्यावरच्या मानाकारापर्यंत जाणारा मार्ग १६३ किलोमीटरचा, बोगदे ४८, पूल ६७. साडेतीन किलोमीटरला एक बोगदा. फ्रेंचांनी तो १९२६ ते १९३६ या काळात सक्तीने धरून आणलेल्या मजुरांकडून बांधून घेतला. गाडी १६३ किलोमीटरला बारा तास घेते, कधी चोवीस, आणि वादळात रूळ वाहून गेले की महिनोन्‌महिने धावतच नाही. बेतात तिला जागा ठेवावी, भरवसा ठेवू नये.

पठारावरून किनाऱ्याकडे उतरताना एवढे बोगदे लागतात तो कडा काय करतो, हे कोकणी माणसाला सांगावं लागू नये. आपला सह्याद्री पश्चिमेला तोंड करून उभा आहे, त्यांचा कडा पूर्वेला. वारा समुद्रावरून येतो, कड्याला आपटतो, पाऊस टाकतो आणि पलीकडे कोरडा उतरतो. तोआमासिनाला वर्षाला ३,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्या पंक्तीला बसणारा. नैऋत्येच्या तोलियाराला चारशेच्या आसपास, माण-खटावच्या पंक्तीला. मध्ये राजधानी सुमारे १,२८० मीटरवर, पाचगणीच्या उंचीची, जुलैत रात्री दहा अंशांपर्यंत उतरणारी. म्हणजे कोकण, घाट, पाचगणी आणि माणदेश, सगळं एकाच देशात, फक्त आरशात पाहिल्यासारखं उलट्या क्रमाने. उष्ण कटिबंधात चाललो म्हणून स्वेटर न घेणारे तिथे कुडकुडतात.

आता प्राणी. इथे आकडे अगदी दोन टोकांना जातात. लेमूरच्या शंभरहून अधिक जाती, सगळ्या फक्त याच देशात. ‘मादाम बर्थ’ नावाचा उंदीर-लेमूर ३० ग्रॅमचा, जगातलं सर्वांत लहान वानरकुळी जनावर. इंद्री हा आजचा सर्वांत मोठा, नऊ किलोच्या घरात, आणि पहाटे जंगलात त्याची हाक दोन किलोमीटरच्या पलीकडे ऐकू जाते. एकेकाळी तिथे गोरिलाएवढा, दीडशे किलोंच्या वरचा लेमूरही होता. पुढे तो संपला. मादागास्कर भारतापासून सुटलं तेव्हा लेमूर कुठेच नव्हते. त्यांचे पूर्वज नंतर आफ्रिकेतून, चारशे किलोमीटर रुंद मोझांबिकची सामुद्रधुनी वाहत्या झाडाझुडपांवर बसून ओलांडून आले, असंच बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. एखादी गाभण मादी वादळात उन्मळलेल्या झाडाला धरून पलीकडे लागली, आणि त्यातून शंभर जाती.

रानोमाफानाच्या जंगलात सोनेरी बांबू-लेमूर आहे. पॅट्रिशिया राइट यांनी १९८६ साली तो शोधला आणि १९९१ साली त्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं. तो दिवसाला अर्धा किलो बांबू खातो. त्या बांबूत सायनाइड असतं. त्याच्या आकाराच्या दुसऱ्या जनावराला मारायला पुरेल त्याच्या बारा पट विष तो रोज पचवतो. कसं, हे पूर्ण उलगडलेलं नाही.

जगातल्या सरड्यांच्या रंगबदलू कुळातल्या, म्हणजे शॅमेलिऑनच्या, जवळपास निम्म्या जाती तिथल्या. २०२१ साली ओळख पटलेल्या ब्रुकेसिया नानाचा नर शेपटीसकट २२ मिलिमीटर. आणखी एक जात आहे, फुर्सिफर लाबोर्दी. ती आठ-नऊ महिने अंड्यात काढते आणि बाहेर येऊन चार-पाच महिने जगते. नोव्हेंबरात सगळी एकदम फुटतात, उन्हाळा संपेपर्यंत सगळी एकदम मरतात. वर्षातला बराच काळ त्या जातीचा एकही जिवंत सरडा जगात नसतो, नुसती अंडी! पक्ष्यांत, तीन मीटर उंचीचा हत्तीपक्षी माणसाच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. त्याच्या एका अंड्यात कोंबडीची दीडशे अंडी मावतील.

आता ज्यांच्या वाड्या आहेत त्यांनी पुढला हिशेब लक्ष देऊन वाचावा. व्हॅनिलाचं जगातलं बहुतांश पीक, सुमारे ८० टक्के, मादागास्करचं. वेल मूळची मेक्सिकोची. तिच्या फुलाचं परागीकरण करणारी माशी मादागास्करमध्ये नाही. फूल उमलतं एक दिवस, तेही काही तासच. रीयुनियन बेटावर १८४१ साली एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलाचा पडदा उचलून अंगठ्याने परागकण दाबण्याची युक्ती काढली. आजही जगभर तीच युक्ती चालते. एक किलो तयार व्हॅनिलाला सुमारे ६०० फुलं हाताने फळवावी लागतात. वर्षाला दोन हजार टन निर्यात धरली तर १२० कोटी फुलं, प्रत्येकाला माणसाचा हात. शेंगा नऊ महिन्यांनी तयार, मग गरम पाण्यातून काढून, घाम काढून, उन्हात घालून सहा किलो हिरवीची एक किलो काळी. २०१८च्या सुमारास किलोला ६०० डॉलरच्या आसपास भाव होता, पुढे तो कोसळला. भाव चढला की शेतात चोरी, म्हणून शेतकरी कोवळ्या शेंगेवर टाचणीने आपली खूण टोचून ठेवतात.

श्रीवर्धनी रोठा सुपारी पिकवणाऱ्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्याने या किनाऱ्यावर चढलं आणि काही तासांत वाड्या आडव्या केल्या. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळे ते नुकसान एका हंगामाचं नव्हतं. मादागास्करला ही पाळी जवळपास दरवर्षी येते. २०२३ साली ऑस्ट्रेलियाजवळ उठलेलं फ्रेडी नावाचं वादळ अख्खा हिंदी महासागर ओलांडून २१ फेब्रुवारीला तिथे आदळलं, पुढे मोझांबिकला जाऊन परत फिरलं. एकूण ३६ दिवस आणि साडेबारा हजार किलोमीटरहून जास्त वाट. इतका काळ टिकलेलं दुसरं उष्णकटिबंधीय वादळ नोंदीत नाही.

माणसांचा आकडा याहून चक्रावणारा, आणि लहान. मादागास्करची भाषा आफ्रिकेची नाही. तिची सर्वांत जवळची बहीण बोर्निओच्या बारितो नदीकाठची आहे, सात हजार किलोमीटरवरची. मरे कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली जनुकांवरून हिशेब मांडला: सुमारे बाराशे वर्षांपूर्वी वसलेल्या त्या पहिल्या वस्तीत आग्नेय आशियातून आलेल्या बायका असाव्यात तीसच्या आसपास. एका होडक्यात मावतील एवढ्या. पुढे आफ्रिकेतून आलेली माणसं त्यांच्यात मिसळली, आणि आज तीन कोटी.

त्या पहिल्या वस्तीतल्या माणसांनी तांदूळ आणला. मलागासी माणूस तीन वेळा भात खातो, आणि भांड्याला तळाशी लागलेल्या करपट खरवडीवर पाणी घालून उकळतो आणि ते पितो. पेजेवर वाढलेल्या माणसाला हे समजावायला लागत नाही. उलट दिशेनेही एक देणं आहे: कमी बियाणं, कोवळी रोपं, एकेक रोप लांब लांब लावायचं, ही भाताची ‘एसआरआय’ पद्धत तिथे आंरी द लोलानिए या फ्रेंच पाद्र्याने १९८३ साली बसवली. महाराष्ट्रातल्या कृषी खात्याच्या शिबिरांत ती शिकवली जाते.

मादागास्करचं नाव आपल्या किनाऱ्यावर पूर्वी वेगळ्याच कारणाने ऐकू यायचं. १६९८ साली विल्यम किड या चाच्याने केदाह मर्चंट हे जहाज मलबारजवळ पकडलं आणि लूट नेली ती तिथल्या सेंट मेरी बेटावर. १७२१ साली गोव्याहून मायदेशी निघालेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचं जहाज चाच्यांनी रीयुनियनला लुटलं. बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धन सोडून घाटावर गेले आणि १७१३ साली पेशवे झाले, त्या सगळ्या वर्षांत आमच्या समोरच्या पाण्याची ही अवस्था होती. सेंट मेरी बेटावर चाच्यांची दफनभूमी आहे; वेळ असला तर पाहावी, मुद्दाम जाऊ नये.

कामाच्या गोष्टी भराभर. मुंबईहून थेट विमान नाही. मॉरिशसमार्गे सुमारे ५,८०० किलोमीटर पडतात, नैरोबीमार्गे ६,८००. नैरोबी किंवा अदिस अबाबा मार्गे येणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला जवळ ठेवा, नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावर अडाल. लस निदान दहा दिवस आधी घ्यायची, एकदा घेतली की जन्मभर चालते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. २०२५च्या ऑक्टोबरात तिथे सत्तापालट होऊन लष्कर आलं, तेव्हा पैसे भरण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. चलन आरिआरी, एका आरिआरीचे पाच भाग, शंभर नव्हेत. असं दशमान नसलेलं चलन जगात आणखी फक्त मॉरिटेनियाचं. रुपयाला पन्नासच्या आसपास मिळतात आणि सगळ्यात मोठी नोट वीस हजारांची, म्हणजे चारशे रुपयांची. लाखभर रुपये बदलले तर पन्नास लाख आरिआरी हातात येतात, मोठ्यात मोठ्या नोटांची अडीचशे पानं. गावाकडे कार्ड चालत नाही. पाकीट विसरा, पिशवी घ्या.

महिना कुठला, हा खरा प्रश्न नव्हेच. तिथला कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. इकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, चौपाटीवर पर्यटक नाहीत, खोल्या रिकाम्या, वाडीत शिंपण्याचं काम नाही. श्रीवर्धनचा माणूस वर्षात ज्या वेळी मोकळा असतो, नेमकी तीच मादागास्करची सर्वांत चांगली वेळ. इतकी सोयीची वेळापत्रकं दोन किनाऱ्यांची सहसा जुळत नाहीत.

बाकी माझं मत विचाराल तर एवढंच. आठ दिवसांत ‘संपूर्ण मादागास्कर’ दाखवणाऱ्याच्या नादी लागू नका. ८२ रायगड आठ दिवसांत पाहणं शक्य नाही. पंधरा दिवस काढा आणि एकच रस्ता धरा: आधी राजधानीच्या पूर्वेला अंदासिबेला इंद्रीची हाक, मग राष्ट्रीय मार्ग ७ ने रानोमाफाना, अंबालावाओ, इसालोचे वालुकाश्माचे डोंगर आणि तोलियाराचा समुद्र. गोरखचिंचांचा रस्ता आणि सुळके पुढल्या खेपेला. खर्च जमत नसेल तर थांबा, पण अर्धवट जाऊ नका.

आणि गेलात तर गावाचा वाटाड्या घ्या, ठरलेले पैसे द्या, घासाघीस करू नका. १९५३ ते २०१४ या काळात तिथलं ४४ टक्के नैसर्गिक जंगल गेलं. २०२०च्या नोंदीत लेमूरच्या १०७ पैकी १०३ जाती धोक्यात होत्या. अंबालावाओजवळ अंजा नावाचं छोटं जंगल आहे. ते सरकारचं नाही, गावकऱ्यांनी राखलेलं आहे, आणि प्रवेशाचे पैसे गावाकडे जातात. शेपटीला वळी असलेले लेमूर तिथे हाताच्या अंतरावर दिसतात. एकाच जंगलाला वेळ असेल तर तिथे जा.